मंगळावरचे ठिपके आणि शेवाळाची गारगोटी

कोल्हापूरच्या आसपास काळा दगड फोडला की पोकळीत कधी कधी गारगोटी निघते. दख्खनच्या काही गारगोट्यांत फांद्या-पानांसकट शेवाळ अडकल्यासारखं दिसतं. ते शेवाळ नसतं, लोह-मँगनीजच्या खनिजांची नक्षी असते. म्हणून ‘जिवासारखं दिसतं’ या पुराव्यावर फार भिस्त ठेवू नये. 1996 मध्ये एएलएच 84001 या मंगळाच्या उल्केत ‘अळ्या’ दिसल्या, तेव्हा नेमकी तीच फसगत झाली.

नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स या गाडीला जुलै 2024 मध्ये चेयावा फॉल्स या दगडावर सापडलेल्या ठिपक्यांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2025 मध्ये शोधनिबंध आला आणि ‘मंगळावर जीव, विषय हार्ड!’ सुरू झालं. इथं मात्र आकारापेक्षा रसायन बघायचं. चिखलाच्या खडकात खसखशीएवढे काळे दाणे आणि बिबट्यासारखे ठिपके आहेत. ठिपक्यांच्या काळ्या कडेला लोह आणि फॉस्फरस, मध्ये लोह आणि गंधक. पिक्सल हे उपकरण क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजतं, खनिज थेट ओळखत नाही. व्हिव्हियनाइट (लोह-फॉस्फेटचं खनिज) आणि ग्रेगाइट (लोह-सल्फाइडचं खनिज) ही नावं त्या प्रमाणांवरून काढलेली आहेत. बातम्यांत ‘सापडलं’ छापतात तिथं ‘बहुधा’ वाचायचं.

सोबत कार्बनी पदार्थाचा संकेतही आहे. पण असा कार्बन उल्कांतूनही येतो.

रंकाळ्यासारख्या तळ्याच्या कोपऱ्यात साचून सडलेल्या पाण्याखालचा गाळ उकरला, तर तो काळा निघतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो. हवा नसलेल्या गाळात जिवाणू श्वासासाठी लोह आणि सल्फेट वापरतात. सल्फेटपासून सल्फाइड होतं आणि ते लोहाला धरतं. मग हे जिवाणूंशिवाय होईल का? लोहातला बदल कार्बनी पदार्थ थंडीतही घडवू शकतात, म्हणून ती वाट उघडीच आहे. सल्फेटला मात्र निर्जीव मार्गानं पुरेशा वेगानं सल्फाइड व्हायला शंभर अंशांच्या बरंच वर तापमान लागतं, आणि हा खडक तितका भाजल्याची खूण अजून दिसलेली नाही. दाव्याचं खरं वजन इथं आहे, ठिपक्यांच्या देखणेपणात नाही.

तरी शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये सुचवलेल्या, जीव सापडल्याची खात्री मोजणाऱ्या सात पायऱ्यांच्या कसोटीवर हा दावा अजून पहिल्याच पायरीवर आहे.

पुढची तपासणी गंधकाची. सल्फेट वापरताना जिवाणू हलकं, 32 अणुभाराचं गंधक जास्त उचलतात, त्यामुळे सल्फाइडमध्ये त्याचं प्रमाण चढतं. ते नीट मोजायला प्रयोगशाळा लागते, आणि या दगडातून काढलेला ‘सफायर कॅनियन’ नावाचा खडूएवढा नमुना अजून मंगळावरच नळीत बंद आहे.