कर्टुली, भारंगी आणि दोन कापडी पिशव्या

आज आमच्या तालुक्यात रानभाजी महोत्सव होता. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास हल्ली ठिकठिकाणी भरतो तसाच. मंचावर भाषणं, हार आणि टेबलभर पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या. पर्यावरणावर बोलायचं म्हणजे घसा सुकणारच म्हणा!

खरी मजा खाली, ताडपत्रीवर बसलेल्या मावश्यांकडे. कुर्डू, दिंडा, भारंगीची निळसर फुलं, काटेरी कर्टुली. ही भाजी फवारणीशिवाय, खताशिवाय, फक्त पावसावर आलेली. शीतगृह नाही, ट्रकचा लांबचा प्रवास नाही. पैसेही थेट तोडणाऱ्या बाईच्या हातात.

एका मावशीला विचारलं, कर्टुली एवढी महाग का हो? म्हणाली, "वेल शोधत हिंडावं लागतं ताई. त्यात नर वेल वेगळा, मादी वेगळी. नराला फळ येत नाय, म्हणून कुणी उपटून टाकतात. मग मादीला तरी कुठून धरणार?" कंद जमिनीत ठेवून नुसती फळं खुडली, तर पुढच्या पावसात वेल तिथेच पुन्हा फुटतो, हेही तिनेच सांगितलं. मंचावरच्या तासाभरात एवढं कानावर पडलं नव्हतं.

मी पिशव्या नेल्या होत्या, पण फुलं चुरगळतील म्हणून तिने ती सागाच्या पानात बांधून दिली.

भारंगी उद्या करतेय, भिजवलेले वाल घालून. फुलं उकडून पिळली की कडूपणा जातो म्हणतात. तुमच्याकडे कशी करतात? सांगा पटकन, फुलं टिकत नाहीत फार.