फुकटातलं वायफाय

रोजच्या दीड जीबीतला निम्मा डेटा रात्री बारा वाजता वाया जातो, तरी स्टेशनात पाऊल टाकलं की माझं बोट आधी वायफायकडे वळतं. परवा दुपारी मावशीला आणायला गेलो, गाडीला अवकाश होता. फलाटावर 'रेलवायर' हे रेल्वेचं वायफाय दिसलं. दिवसाला अर्धा तास फुकट! सोडतो कसला?

आता तो लॉगिनचा सोपस्कार. जोडलं गेलं म्हणतं, पण नंबर विचारणारं पान काही उघडत नाही. मग वायफाय बंद कर, चालू कर. यातली मेख मला भाच्याने सांगितली. जोडणी झाल्या झाल्या फोन गुपचूप एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो. अपेक्षित उत्तर आलं नाही, की दारात कोणीतरी अडवतंय हे तो ओळखतो आणि ते पान समोर आणतो. तरीही नाही आलं, तर कुलूपवाली 'एचटीटीपीएस' साइट उघडून उपयोग नाही, साधी 'एचटीटीपी'वाली उघडायची. मग नंबर. मग ओटीपी. एका इस्पितळाच्या तळघरात रेंज नाही म्हणून वायफाय ठेवलंय, आणि त्याचा ओटीपी यायला रेंज हवी. लोक जिना चढून वर जातात, ओटीपी घेऊन खाली येतात.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत फोन एकट्या वकिलांकडे. आमचा नंबर त्यांचाच, पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहिलेला. काळ्या फोनवर क्रोशाचं झाकण आणि डायलच्या भोकात चिमुकलं कुलूप. मामाचा ट्रंककॉल यायचा असला की आई पदराला हात पुसत जायची, मागोमाग मी. वकिलीणबाई आधी बसवून घ्यायच्या. सासूबाईंचा दमा कसा आहे, याला गणितात किती पडले, चाळीतल्या त्या मुलीचं जमलं का. सगळी उत्तरं झाली की मगच त्या तेवढ्यापुरत्या उठून आत जायच्या, तेही पडद्याआडच. मामा तीन मिनिटं बोलायचा. लॉगिन म्हणतात ते हेच. फक्त वकिलीणबाई चहा द्यायच्या.

नंबर का मागतात ते समजतं. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. घरमालकाला पत्ताच नव्हता. पुढच्याच वर्षी दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवायचे नियम आणले. ठीक. पण साडीच्या दुकानातल्या वायफायला माझ्या लग्नाचा वाढदिवस कशाला हवा? मी तिथे दरवेळी निराळी तारीख टाकतो. शुभेच्छा वर्षभर येत असतात, बायकोने विचारणं सोडलंय.

स्टेशनांवर हे प्रकरण गूगलच्या मदतीने मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि २०२० मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतलं. वायफाय राहिलं. एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल ओझी वाहताना कानात इअरफोन घालून याच वायफायवरची व्याख्यानं ऐकायचा. २०१८ साली तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला.

मी ॲप अपडेट करून घेतो.