तळ कोण पाहतो?

“गाडीचा तळ कोण पाहतो? पत्र्यावर पत्रा मारून वरून डांबर फासले असते, तर आठ दिवसांत गाडी रस्त्यावर आली असती. मग तुम्ही त्या कामात दीड वर्ष का घालवलेत?” माझ्या जुन्या हेराल्डभोवती एक फेरी मारून झाली की जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. विचारणाऱ्यांपैकी काहींच्या शेतातल्या शेडमध्ये अशीच एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असते आणि त्यांना उत्तर स्वतःच्या गाडीसाठी हवे असते. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

पत्र्यावर पत्रा मारून डांबर फासण्याचा उपाय या गाडीवर आधीच होऊन गेला होता. मला जे काही कापून काढावे लागले, ते बहुतेक सगळे त्या उपायाखाली सडलेले होते.

गाडी १९६६ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. इंग्लंडमध्ये १९५९ साली बाजारात आलेल्या ट्रायम्फ हेराल्डची ही मद्रासमध्ये बनलेली बहीण; तिचे रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटले होते. इंजिन ९४८ सीसीचे, आणि बोनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला संपूर्ण उघडणारे. तिची एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाट या तिच्या सोबतिणींपेक्षा वेगळी आहे. त्या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही; अंगचा पत्राच सगळा भार पेलतो. हेराल्डला मात्र खाली स्वतंत्र चेसिस आहे: मधोमध एकमेकांच्या जवळ असलेले दोन मुख्य दांडे, त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेले आडवे हात, आणि त्या हातांना जोडणारी कडेची पोकळ नळी. वरची बॉडी तुकड्या-तुकड्यांनी या सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेली असते. त्यामुळे हात सडले की बॉडीचा आधार जातो, दार एका बाजूला उतरते आणि लावताना उचलून लावावे लागते. आमच्या गाडीचे डावे दार कित्येक वर्षे तसेच उचलून लावले जात होते, आणि आम्ही दोष बिजागरीला देत होतो.

वडिलांनी ही गाडी सत्तरच्या दशकात जुनी म्हणून घेतली. रावेरजवळ आमची केळीची बाग होती आणि जळगावहून बागेत जाताना डिकीत खताच्या गोण्या असत. केळीला पालाश भरपूर लागते, म्हणून त्यांत पोटॅश हमखास असे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचे मीठच. गोणीच्या शिवणीतून सांडलेले हे मीठ डिकीच्या कोपऱ्यांत साचले, तिथून तळाच्या सांध्यांत उतरले आणि पावसाळी हवेतला ओलावा शोषून घेत राहिले. खानदेशात जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इथे समुद्र नाही, मग गाडी इतकी सडली कशी, असे लोक आश्चर्याने म्हणतात. आमच्या गाडीला समुद्राची गरज लागली नाही, कारण मीठ आम्ही स्वतःच गोण्या भरभरून तिच्यात वाहिले.

उरलेले काम काळ्या मातीने केले. ही माती ओली झाली की चाकाला, पायाला आणि लोखंडाला सारखीच चिकटते, आणि एकदा पोकळ नळीत शिरली की आतल्या आत महिनोन्‌महिने ओल धरून बसते. कंपनीने नळीच्या खालच्या अंगाला पाणी निथळण्यासाठी भोके ठेवली होती. ती मातीने बुजली, आणि नंतर कोणीतरी त्यांच्यावरूनच डांबर फासले. मी डावीकडची नळी कापली तेव्हा तिच्यातून दीड घमेले माती निघाली. ढेकळे फोडून पाहिली, तर त्यांत केळीच्या पानांचे धागे आणि चार-पाच सरक्या होत्या. आमच्याकडे कापूस होता तो फार पूर्वी. म्हणजे ती माती निदान तीस वर्षे तरी तिथे होती.

त्याच दिवशी डिकीखालचे डांबर छन्नीने उचलत होतो. त्याची जाड पोपडी निघाली आणि खाली पिवळ्या-हिरव्या रंगाची अक्षरे दिसली. तो १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा होता. सडलेल्या तळावर ठेवून वेल्डिंगचे चार टाके मारलेले आणि वरून डांबर. त्या ठिगळाखाली आणखी एक ठिगळ होते. मूळ पत्रा त्या दोन्हींच्या खाली होता, पण बोटाने दाबताच त्याचा भुगा होत होता. डांबर सुरुवातीला चांगले चिकटते, पण वर्षांनुवर्षे उन्हाने आणि हादऱ्यांनी ते कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. भेगेतून आत गेलेले पाणी मग बाहेर येत नाही. वरून काळे, गुळगुळीत दिसणारे आवरण आणि आत ओले पोटीस बांधल्यासारखी अवस्था होते. ज्याने ते काम केले त्याला मी दोष देत नाही. त्याला संध्याकाळपर्यंत गाडी परत द्यायची होती, आणि तसे करा म्हणून सांगणारे आम्हीच होतो.

माझ्या गल्लीच्या टोकाला ज्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे, ते काका मूळचे पारोळ्याकडचे. त्यांनी गाडीखाली आडवे होऊन हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून पाहिले. शाबूत लोखंड ठण्ण वाजते आणि सडलेले थप्प. हे त्यांनीच मला शिकवले. बाहेर येऊन ते एवढेच म्हणाले, “भाऊ, हाई तळ नई शे, हाई चाळनी शे.” मग त्यांच्याच हाताखाली मी दोन महिने रविवारी फाटकाच्या भंगार पत्र्यांवर वेल्डिंग शिकलो.

घरी हे काम करता येते का, असे विचाराल तर येते. पण ज्या टप्प्यावर बहुतेकांची गाडी बिघडते तो टप्पा वेल्डिंगचा नसून मापाचा आहे. सडलेला भागसुद्धा कसाबसा का होईना, गाडीचा आकार धरून असतो. तो कापला की तेवढा आधार जातो, गाडी किंचित बसते, आणि आपण नवा तुकडा त्या बसलेल्या आकारातच कायमचा जोडून टाकतो. म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी मी तीन आठवडे फक्त मापे घेतली.

गाडी विटांवर कधीही ठेवू नये, वीट सूचना न देता फुटते. मी लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, घेतल्या आणि मुख्य दांड्यांखाली, सस्पेन्शनच्या जवळ लावल्या. गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब आणून चारही बाजू एका पातळीत आणल्या. मग चेसिसवरच्या आठ ठरावीक बोल्टांच्या भोकांतून ओळंबा सोडला आणि त्याचे टोक जिथे स्थिरावले तिथे खालच्या शहाबादी फरशीवर अणकुचीदार खडूने फुली मारली. पंखा बंद, दार बंद, तरी ओळंबा डोलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बसावे लागे. आठ फुल्या झाल्यावर त्या जोडून कर्ण मोजले. कारखान्यातून आलेल्या चेसिसमध्ये समोरासमोरचे कर्ण सारखे असले पाहिजेत. माझ्या गाडीच्या मागच्या चौकोनात तीन सुतांचा फरक निघाला, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. डावे दार का उतरत होते, ते त्या फरशीवर लिहिलेले होते. त्या फुल्यांवर मी पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवले की काम संपेपर्यंत तेवढी फरशी पुसायची नाही.

त्यानंतर दोन्ही दारांच्या चौकटींत एक इंची चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाके मारून बसवले, म्हणजे तळ काढल्यावर बॉडी मिटणार किंवा फाकणार नाही. आणि एक नियम ठेवला: एका वेळी एकच हात कापायचा. डावा कापलेला असेल तेव्हा उजवा मूळ जागी हवा, कारण पुठ्ठ्याचा नमुना त्याच्यावरून उलटा करून घ्यायचा असतो. आडवे हात आणि नळ्या २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून वाकवून घेतल्या, तळासाठी १.२ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा वापरला. जस्त चढवलेला पत्रा टिकाऊ म्हणून अनेकांना वापरावासा वाटतो, पण वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिवाय जोडाच्या जागेवरचे जस्त जळूनच जाते.

कापताना सडका भाग संपला तिथे थांबू नये, पुढे चांगल्या लोखंडात निदान दोन बोटे जावे. हे मन मोडणारे काम असते. हाताएवढे छिद्र समजून सुरू केलेला तुकडा संध्याकाळपर्यंत परातीएवढा होतो. पण पातळ झालेल्या कडेवर वेल्डिंग धरतच नाही, ती कड वितळून मागे सरकत जाते आणि भोक मोठे होत राहते. त्याच कारणाने तळाच्या पत्र्याला साधे रॉडचे वेल्डिंग चालत नाही. मी ०.८ मिलिमीटर तारेचे मिग मशीन घेतले, ज्याला आपल्याकडे सीओटू मशीन म्हणतात. त्यानेही सलग ओळ ओढली तर पत्रा उष्णतेने पापडासारखा वळतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पलीकडच्या टोकाला, असे करत, मध्ये गार होऊ देत, टाक्यांमधल्या जागा भरत आणायच्या असतात.

इथे खानदेशाचा उन्हाळा आडवा आला. मिगच्या तारेभोवती वायूचा झोत असतो, तोच वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. पंखा किंवा कूलर लावला की वायू उडून जातो आणि टाका जाळीदार, पोकळ होतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर, अंगावर जाड कपडे, तोंडावर मुखवटा, आणि वाऱ्याची एक झुळूकही चालणार नाही. मी पहाटे पाचला सुरू करून साडेआठला थांबत असे. पण त्याच उन्हाळ्याचा उपकारही मोठा आहे, कारण घासून चकचकीत केलेले उघडे लोखंड त्या कोरड्या हवेत आठवडाभर तसेच राहते. जुलैत एकदा उत्साहाने एक नळी घासून ठेवली, तर सकाळी तिच्यावर तांबूस साय आली होती. मग दोन्ही पावसाळ्यांत काम बंदच ठेवले. दीड वर्षातला बराच काळ असा गेला.

आगीबद्दल एक वाक्य जास्तीचे लिहितो. वेल्डिंगआधी बॅटरीची तार आणि पेट्रोलची टाकी, दोन्ही काढून गाडीपासून दूर ठेवावीत. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात.

चेसिसचे हात बसल्यावर बोनेट, दारे, काचा, आसने उतरवली आणि गल्लीतल्या आठ जणांनी बॉडी सहज उचलून बाजूला ठेवली. एरवी जिथे हात पोहोचत नाही तो चेसिसचा वरचा भाग तेव्हाच नीट वेल्ड करता आला. मग गंज घालवणारे फॉस्फरिक अ‍ॅसिड, त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर आणि शेवटी काळा रंग. जिथे पत्र्यावर पत्रा येतो, त्या आतल्या कडांना जोडण्याआधीच जस्ताचा प्रायमर लावला होता. आणि नळ्यांच्या आत, लांब नळीच्या फवाऱ्याने, पातळ मेण. ते मेण खालच्या भोकांतून थेंब थेंब गळायला लागले, तेव्हा ते सगळीकडे पोहोचल्याची खात्री झाली. भोके मी कंपनीने ठेवली होती त्याच जागी, पण थोडी मोठी ठेवली आहेत.

ज्यांना पुढे नोंदणी करायची आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विंटेज क्रमांक मिळू शकतो, पण त्यासाठी चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मूळ रचना बदललेली नसावी. म्हणून हात आणि नळ्या मूळ मापाच्या, मूळ आकाराच्याच बनवाव्यात, भक्कम करण्याच्या हौसेने जादा अँगल जोडू नयेत, आणि चेसिस नंबराजवळ ग्राइंडर नेऊ नये. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.

बॉडी परत बसवल्यावर मी पुन्हा ओळंबा सोडला. कर्णांतला फरक अर्ध्या सुताच्या आत आला होता. त्यानंतर डावे दार लावले. ते न उचलता, एका बोटाने, आपल्या वजनानेच लागले. माझी आई ओट्यावर बसून पाहत होती. तिने ते पुन्हा उघडून लावायला सांगितले, आणि मग आणखी एकदा.

तुमच्या शेडमधल्या गाडीचे काय करायचे, असे विचारणार असाल, तर आधी आतल्या चटया आणि त्यांच्या खालचा काथ्या उचलून उन्हात टाका, हातोडीचा दांडा घ्या आणि खाली आडवे होऊन ठोकून पाहा. जिथे डांबर सर्वांत जाड आणि गुळगुळीत असेल, तिथून सुरुवात करा.