आमची वाटचाल : दस्तुरी नाक्यापासून पागेपर्यंत

माझ्या वडिलांचे माथेरानला दोन घोडे होते. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात; तिथून पुढे तेव्हा आपले पाय, घोडा नाहीतर हातरिक्षा. पर्यटक घोड्यावर आणि बाबा दोरी धरून शेजारी. शार्लोट लेक, लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, परत बाजार. मे महिन्यात आणि दिवाळीत माणूस आणि जनावर दोघंही चालून चालून थकायचे. बाबा घरी यायचे ते तांबडी माती घामात कालवूनच. दहाव्या वर्षी ती दोरी माझ्या हातात आली, तेव्हा घोडा आपल्याला येतो याबद्दल मला कधी शंका आली नाही.

ती आणली मुंबईच्या एका आठवीतल्या मुलीनं. तिच्या आईनं विचारलं, हिला रायडिंग शिकवाल का? मी लगेच हो म्हटलं. चार रविवार मी तिला फिरवलं. पाचव्या रविवारी ती वरूनच म्हणाली, "काका, तुम्ही मला शिकवणार कधी?"

खरंच, त्या चार रविवारी मी तिच्या हातात लगाम दिलाच नव्हता.

२०१४ मध्ये मी पुण्याजवळ एका निवृत्त रिसालदारांच्या तबेल्यात सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, म्हणून लागलो. घोडदळात आयुष्य काढलेला माणूस. पगार घरी सांगण्यासारखा नव्हता. पहिले सहा आठवडे साहेबांनी माझ्या रकाबीच, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्या, काढून ठेवल्या. दुडक्या चालीत रकाबीशिवाय बसलं की तिसऱ्या मिनिटाला मांड्या पेटतात आणि आजवर आपण नुसते लगामाला लोंबकळत होतो हे कळतं. सकाळी पाणी दाखवायच्या आधी प्रत्येक घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवायचा. कुठे गरम लागलं तर त्या घोड्याला सुट्टी. आमच्याकडे घोडा लंगडायला लागला की मग पाय बघायचे.

चंदीचंही, म्हणजे घोड्याच्या दाण्याचंही तेच. आम्ही सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून द्यायचो आणि मधे घोडा उपाशी उभा. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान, त्यात त्याला ओकता येत नाही. त्याला दिवसभर थोडं थोडं गवत लागतं. आमचा एक तट्टू पोटशुळानं गेला होता, तेव्हा दृष्ट लागली म्हणून घरात सगळे हळहळले होते. ते आठवून त्या रात्री मला झोप आली नाही.

दीड वर्षानंतर प्रशिक्षकाची परीक्षा दिली आणि नापास झालो. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षांमध्ये स्वारी, निगा आणि शिकवणं या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. आमच्या परीक्षेची धाटणीही साधारण तशीच होती. पहिल्या दोन्हीत मी वर होतो. तिसऱ्यात एका नवख्या मुलाला अर्धा तास शिकवायचं होतं. मी गोल रिंगणाच्या मधे उभा राहून "टाच खाली, टाच खाली" एवढंच ओरडत होतो. परीक्षकबाईंनी थांबवलं आणि विचारलं, "खाली का?" मी म्हणालो, "पद्धत आहे."

उत्तर मला घरी येताना गाडीत सुचलं. टाच खाली असली की वजन पायातून खाली उतरतं. खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत येतात. टाच वर गेली की गुडघा वर सरकतो, स्वार पुढे कलंडतो, आणि पाऊल रकाबीत आरपार गेलं तर पडल्यावर घोडा फरफटत नेतो. हे सगळं माझ्या अंगाला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. पुढचे आठ महिने तबेल्यावर कुणीही आलं की मी त्याला समजावून सांगायचो. दूधवाल्यालासुद्धा. दुसऱ्यांदा पास झालो.

२०१८ च्या दसऱ्याला कर्जतकडे भाड्याच्या जागेत तीन घोड्यांवर पागा सुरू केली. आपल्याकडे एक घोडा आणि एक पाटी असली की रायडिंग स्कूल उभं राहतं. त्यामुळे भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून पहिल्या वर्षी कुणाला काही वाटलं नाही. लोक विचारायचे, "एका फेरीचे किती?"

आमची सगळ्यात गुणी शिक्षिका म्हणजे राणी, लग्नाच्या वरातीतून आलेली काठियावाडी घोडी. तोंडात काटेरी लगामाचे जुने व्रण. असा लगाम वापरायला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, पण वरातीत कोण तोंड उघडून बघतो? हात वर केला की ती मान फेकायची. ते जायला चार महिने गेले. आज सात वर्षांचं पोर पाठीवर असलं तरी ती पाऊल जपून टाकते. फक्त गणपतीत पंचाईत होते. गावातून ढोल-ताशाचा आवाज आला की जागच्या जागी पाय उचलून नाचायला लागते. म्हणून विसर्जनाच्या दिवशी आमच्याकडे सुट्टी असते.

धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती फाटकापाशी ठेवलेल्या वजनकाट्यावरून. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा एक ढोबळ हिशेब आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सत्तर झाले. नव्वद किलोचे गृहस्थ काट्यावरून उतरून म्हणतात, "अहो, माथेरानला बसलोय की मी!" बसला असाल. कदाचित आमच्याच घोड्यावर बसला असाल. अशी गिऱ्हाइकं जातात, परत येत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत उत्पन्न शून्य, पण घोडे काही कमी खात नाहीत. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, एक घोडा ओळखीच्या शेतकऱ्याकडे ठेवला. याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण आणलं. १९८२ च्या दिल्लीनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, घोडेस्वारीतलं सुवर्ण. त्या आठवड्यात फोन ठेवायला उसंत नव्हती. एका वडिलांनी विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा स्पर्धेपर्यंत पोचेल का? मी म्हटलं, सुट्टीत तो खोगीर नीट चढवायला आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला शिकेल. त्यांना राग आला. मुलगा मात्र आला आणि अजून येतोय.

आज सात घोडे आहेत, तीन सईस आहेत. तिघांनाही मी आठवड्यातून एकदा रिंगणाच्या मधे उभं करून शिकवायला लावतो आणि "का?" विचारतो. त्यांतला एक माझा चुलतभाऊ. २०२२ च्या डिसेंबरात माथेरानला ई-रिक्षाची चाचणी सुरू झाली, तेव्हा "दादा, आता आमचं काय?" म्हणत आला होता. पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसेल.

बाबा रविवारी येतात, कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसतात. परवा एक लहान मुलगी पहिल्यांदाच एकटी दुडक्या चालीत निघाली. राणीनं वळण जरा आत घेतलं तसे बाबा खुर्चीवरून उठले आणि त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला. "बाबा, बसा," मी ओरडलो. ते बसले, पण कडेला टेकून.