ठासणीच्या लांब रायफलवर शेवटचा हात: माझा अनुभव

नळी बसली, चाप ओढल्यावर घोडा नीट पडला, पितळी सामान दस्त्याशी सपाट कानसून झालं, की बंदूक तयार झाली असं वाटतं. पण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात १८व्या शतकात जर्मन वळणाचे कारागीर जशी लांब रायफल करत, तशी हवी असेल तर इथून पुढे मला दोन आठवडे तरी लागतात. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस नुसती वाट पाहण्यात जातात, आणि तिथे घाई केली की काम बिघडतं.

दस्ता पट्टेदार मेपलचा. रंगाआधी पितळी सामान सगळं उतरवतो, कारण पितळेचा कीस लाकडात रुतला तर रंगाचं द्रावण तिथे डाग पाडतं. शेवटची सफाई स्क्रॅपरनेच करतो. पॉलिश पेपरने लॉकभोवतीच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेभोवतीच्या) धारदार कडा गोल होतात आणि दस्ता साबणाच्या वडीसारखा दिसू लागतो. मग ओलं फडकं फिरवून हीट गनने वाळवायचं. तंतू उभे राहतात, दाढीच्या खुंटांसारखे हाताला लागतात. ते हलक्या हाताने खरवडायचे आणि पुन्हा पाणी लावायचं. तीन फेऱ्या लागतातच. या टाळल्या तर लाकूड रंगातलं पाणी पिऊन उठतं, आणि तेव्हा घासावं तर रंगच निघतो.

रंगासाठी नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवलेलं जुन्या पद्धतीचं द्रावण तयार मिळतं, ते घेतो. घरी बनवताना निघणारी तपकिरी वाफ विषारी असते. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा तयार द्रावणालाही हवीच. लावल्यावर दस्ता हिरवट-करडा, अगदी मळकट दिसतो. बऱ्याच जणांचा धीर इथेच सुटतो. वाळल्यावर हीट गन आठ-दहा सेंटिमीटरवरून सतत हलती ठेवली की करडेपणातून तांबूस तपकिरी रंग चढत जातो आणि पट्टे एकेक करून उमटतात. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी हात थांबतो. पण तिथे थांबू नये, पातळ कडा करपतात. आम्ल मारायला खाण्याच्या सोड्याचं पाणी लावून स्वच्छ पाण्याने पुसायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. आम्ल मागे राहिलं तर पुढे रंग हिरवट पडतो.

मग जवसाचं उकळलेलं तेल. पहिला हात टर्पेंटाईन घालून पातळ. लॉकचा खळगा आणि नळीची खाचही याच वेळी पाजायची, नाहीतर दमट हवा आतून शिरते. पुढचे पाच-सहा हात तळव्याने चोळून, पंधरा मिनिटांनी पुसून, मध्ये पूर्ण दिवस सोडून. जाड थर चिकटच राहतो. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात; पसरून वाळवा.

नळीला तपकिरी गंज चढवणं हे वेगळंच तंत्र. २२० नंबरच्या पेपरपर्यंतच घासायची. आरशासारख्या पोलादावर गंज धरत नाही. ॲसिटोनने पुसल्यावर उघडा हात लावायचा नाही, बोटाचा ठसा शेवटपर्यंत दिसतो. तोंडात घट्ट लाकडी खुंटी (तीच धरायला मूठ होते), कानात (आतला बार पेटवणाऱ्या बारीक भोकात) दातकोरणी. गंज चढवायचं द्रावण एकाच दिशेने, एकदाच. मागेपुढे घासलं तर तांब्याचे डाग उठतात. नळी दमट खोलीत टांगून सहा ते बारा तासांनी जाड कापडाने घासायची आणि पुन्हा लावायचं. पाच-सहा हातांत रंग सलग होतो. शेवटी सोड्याचं पाणी, उकळतं पाणी, आणि नळी गरम असतानाच तेल. पुढचे दोन-तीन दिवस गंज पुन्हा डोकावतो, तेव्हा तेल पुन्हा लावायचंच.

जोडताना नळीखालच्या कड्यांची भोकं लांबीच्या दिशेने मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबवलेली आहेत ना, हे बघतो. हवामानानुसार लाकूड हलतं, नळी हलत नाही. खिळ्यांना जागा नसेल तर दस्ता वाकतो.

चकमक चामड्यात धरून तिची धार फ्रिझनच्या (चकमक जिच्यावर आपटून ठिणग्या पडतात त्या पोलादी पट्टीच्या) तोंडाला समांतर लावतो. तिरकी असेल तर एकच कोपरा घासतो आणि ठिणग्या निम्म्या होतात. कान १.६ मिलिमीटरचा पुरतो. रंजक (वाटीतली पेटवायची दारू) त्याच्या खालीच राहावी. कान रंजकेने भरला तर ती वातीसारखी जळते आणि बार उशिरा उडतो. ठिणग्या तपासताना नळी आणि रंजकाची वाटी दोन्ही रिकामी असल्याची खात्री करून घेतो, मग अंधाऱ्या खोलीत चाप ओढतो. ठिणग्या वाटीच्या मधोमध पडायला हव्यात. पुढे पडल्या तर चकमक सोडवून पुन्हा बसवायची.