तुम्ही विचारलंत म्हणून: टास्कबार लावला तरी टिकत का नाही?

पंचवटीतलं ई-सेवा केंद्र असो, कॅनडा कॉर्नरजवळचं सीएचं ऑफिस असो, की पिंपळगावच्या पॅकहाऊसमधला एकुलता एक कॉम्प्युटर, प्रश्न हमखास येतो: "टास्कबार आपल्या सोयीने लावायचा कसा, आणि एकदा लावला की तसाच राहत का नाही?"

दुसरा अर्धा प्रश्न आधी घेऊ, कारण खरी गोम तिथे आहे. टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी असलेली आयकॉनची पट्टी, कॉम्प्युटरचा नसतो, युजर अकाउंटचा असतो. एकाच अकाउंटवर सकाळी एक जण उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज भरतो, दुपारी दुसरा टॅली उघडतो, संध्याकाळी मालकांचा मुलगा गेम पिन करून, म्हणजे त्याचा आयकॉन पट्टीवर कायमचा बसवून, निघून जातो. मग ती पट्टी रोज वेगळी दिसणारच. म्हणून आयकॉन हलवायच्या आधी माणशी एक अकाउंट करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. पुढे ईमेल मागितला जातो, तो न देता "आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फॉर्मेशन" निवडा आणि त्यानंतर "ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट". नाव आणि पासवर्ड टाकला की झालं.

इथे दोन गोष्टी अडतात. पहिली, टॅलीचा डेटा किंवा स्कॅन केलेली कागदपत्रं जुन्या अकाउंटच्या डॉक्युमेंट्समध्ये असतील तर नव्या अकाउंटला ती दिसणार नाहीत. डी ड्राइव्हवर फोल्डर करून तिकडे हलवा आणि टॅलीतला डेटाचा पत्ताही बदला. दुसरी, विंडोज बटण आणि एल दाबून नुसतं लॉक केलं, तर आधीच्या माणसाचे प्रोग्राम मागे चालूच राहतात. चार जीबी रॅमच्या मशीनवर दोन अकाउंट एकदम उघडी असली की मशीन रडतं. पाळी बदलताना साइन आउटच करा.

आता मांडणी. विंडोज ११ मध्ये आयकॉन मधोमध येतात. दिसायला बरं दिसतं, पण एक नवा प्रोग्राम उघडला की सगळी रांग थोडी सरकते आणि हाताला लागलेली जागा चुकते. टास्कबारवर रिकाम्या जागी राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स, आणि टास्कबार अलाइनमेंटला लेफ्ट. मग स्टार्ट बटण कोपऱ्यात जातं, माउस न बघता तिकडे फेकता येतो. त्याच पानावर वरती विजेट्स आणि टास्क व्ह्यू बंद करा, सर्च हाइड करा. विजेट्सवर नुसता माउस गेला तरी बातम्यांचा फलक उघडतो. काउंटरवर पाच माणसं उभी असताना तो फलक कोणालाच नको असतो. विंडोज १० मध्ये पट्टी डावीकडे उभी किंवा वरती नेता यायची. विंडोज ११ आलं तेव्हा ती सोय काढून टाकली होती.

पिनचा क्रम मात्र नीट विचार करून लावा. विंडोज बटण आणि १ दाबलं की पहिला पिन उघडतो, २ ला दुसरा, असं ९ पर्यंत, आणि दहाव्याला ०. म्हणजे पहिल्या दहा जागांना आपोआप शॉर्टकट मिळतो, त्यामुळे अकरावा पिन करायची सहसा गरज नाही. क्रम महत्त्वानुसार नको, कामाच्या ओघानुसार हवा. दाखल्यांच्या काउंटरवर काम ज्या ओळीने चालतं तीच ओळ: ब्राउझर, स्कॅनर, फोटो कापून केबीत बसवायचा प्रोग्राम, आजच्या कागदांचा फोल्डर.

त्यातला फोल्डर तुम्हाला चकवेल. फोल्डर उचलून टास्कबारवर टाकला तर तो स्वतंत्र पिन होत नाही, फाइल एक्सप्लोररच्या राइट क्लिकच्या यादीत जाऊन बसतो. वेगळा आयकॉन हवा असेल तर डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट करा, प्रॉपर्टीज उघडा, टार्गेटमध्ये पत्त्याच्या आधी इंग्रजीत एक्सप्लोरर हा शब्द आणि एक स्पेस टाका. पत्त्यात स्पेस असेल तर पत्ता अवतरणचिन्हांत हवा. मग तो शॉर्टकट पिन होतो. चेंज आयकॉनमधून वेगळं चित्र द्या, नाहीतर दोन पिवळे फोल्डर शेजारी बसतात आणि घोटाळा कायम राहतो.

रोजची वेबसाइटही पिन करता येते, मग ते आपले सरकार असो, जीएसटी असो, की द्राक्षांच्या हंगामात अपेडा या सरकारी निर्यात संस्थेचं ग्रेपनेट. एज ब्राउझरमध्ये ती साइट उघडून तीन टिंबं, मोअर टूल्स, पिन टू टास्कबार. क्रोममध्ये दोन प्रोफाइल वापरत असाल तर प्रत्येकाची खिडकी उघडून तिच्याच आयकॉनवर राइट क्लिक करून पिन करा. आयकॉनवर त्या प्रोफाइलचं छोटं चित्र येतं, लॉगिन एकमेकांत मिसळत नाहीत.

"एकाच प्रोग्रामचे दोन आयकॉन का?" हीही नेहमीची तक्रार. तुम्ही पिन केलेला असतो लाँचर, म्हणजे आधी अपडेट तपासून मग खरा प्रोग्राम उघडणारी छोटी फाइल. खरा प्रोग्राम सुरू झाला की विंडोज त्याला वेगळा समजतं आणि शेजारी दुसरं बटण मांडतं. जुना पिन काढा, प्रोग्राम उघडा आणि चालू असलेल्या बटणावर राइट क्लिक करून तेच पिन करा. मात्र लाँचरशिवाय चालतच नसेल असा प्रोग्राम असेल, तर दोन आयकॉन सहन करा. पिन पांढराफटक पडला, तर बहुधा प्रोग्राम नव्या आवृत्तीत दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेला असतो. काढून परत पिन करणं एवढाच उपाय.

एक्सेलच्या चार फाइली एका बटणाखाली दडतात, त्यासाठी टास्कबार बिहेवियर्समध्ये शेवटाकडे "कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स" आहे. नेव्हर निवडलं की प्रत्येक फाइल नावासकट दिसते. विंडोज ११ मध्ये सुरुवातीला हे नव्हतंच, ऑक्टोबर २०२३ च्या अपडेटने परत आलं. पर्याय दिसत नसेल तर आधी अपडेट करा. १३६६ गुणिले ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर नावांनी पट्टी लगेच भरते, तिथे "व्हेन टास्कबार इज फुल" बरं. जागा वाचवायला पट्टी लपवायचा मोह होतो, पण टॅलीची बटणं तळाशीच असतात. माउस तिकडे गेला की टास्कबार वर येऊन बसणार. ऑटो-हाइड टाळा.

उजव्या कोपऱ्यात तीनच गोष्टी सांभाळा. मराठी-इंग्रजी बदलायची खूण गायब झाली तर टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप लँग्वेज बारची टिक काढा. खूण नसली तरी विंडोज आणि स्पेसने भाषा बदलतेच. पेन ड्राइव्ह सुरक्षित काढायचा आयकॉन बाणाखाली दडलेला असतो. तो "अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स" मधून बाहेर आणा, नाहीतर गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह तसाच उपटतं. आणि घड्याळ: रोज सकाळी ते जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावत बसतात.

सगळं मनासारखं लागलं की नक्कल काढून ठेवा, दोन भागांत. विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदी दाखवणाऱ्या रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर या वाटेने टास्कबँडपर्यंत जा आणि राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा. मग युजरच्या ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर, क्विक लाँच, युजर पिन्ड आणि त्यातला टास्कबार हा फोल्डर कॉपी करा. ॲपडेटा लपवलेला असतो, आधी व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा. परत बसवताना दोन्ही जागच्या जागी ठेवून टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करायचं. नुसता फोल्डर ठेवून आयकॉन येत नाहीत, क्रम टास्कबँडमध्ये असतो. दुसऱ्या मशीनवर नेणार असाल तर तिथे तेच प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये असले पाहिजेत. टॅली इथे सी ड्राइव्हवर आणि तिथे डीवर असेल, तर त्या एका जागी मेलेला पिन येईल.