एका रायडरच्या चार सरासऱ्या

फलकावर कोरायला एकच आकडा हवा होता आणि माझ्या टेबलावर तीन आले होते. मँचेस्टरमध्ये जुन्या क्रीडा-कागदपत्रांवरून आकडेवारी तयार करायचं माझं काम. एका दिवंगत स्पीडवे रायडरच्या घरच्यांनी पेटीभर प्रोग्रॅम, म्हणजे प्रेक्षकांनी हाताने गुण भरलेल्या मॅचच्या छापील पुस्तिका, पाठवले होते. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश लीगमधला त्याचा सगळ्यात चांगला सीझन, ३० मॅचेस, आणि प्रश्न एवढाच की सीझनची सरासरी किती. सोबतच्या वर्तमानपत्राच्या कात्रणात ८.०० छापलेलं. घरच्या चिकटवहीत कुणीतरी शाईने ७.०२ लिहिलेलं. आणि प्रोग्रॅम स्कॅन करून आम्ही भरलेली शीट ७.७४ म्हणत होती. घरच्यांच्या इच्छेवरून नाव देत नाही. हिशोबाला त्याची गरजही नाही.

आपल्याकडे स्पीडवे पाहिलेला माणूस विरळा, म्हणून खेळ थोडक्यात. मोटरसायकलची शर्यत. ५०० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, ब्रेक नाहीत. बारीक खडी-मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार रायडर, घड्याळाच्या उलट दिशेने चार लॅप. समोरच्या फिती वर उडाल्या की सुटायचं आणि वळणावर मागचं चाक बाहेर घसरवत, डाव्या बुटाला बांधलेला पोलादी तळ जमिनीला टेकवत गाडी फिरवायची. मिनिटाभरात हीट, म्हणजे अशी एक शर्यत, संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. लीगमध्ये प्रत्येक हीटला दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर. त्या काळी यजमानांची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी-काळी.

सरासरीचं सूत्र पाठ करायला सोपं आहे. गुण अधिक बोनस, भागिले राइड (म्हणजे तो जितक्या हीटमध्ये उतरला तेवढ्या), गुणिले चार. चारने गुणायचं कारण मुख्य रायडरला एका मॅचमध्ये साधारण चार राइड मिळतात. म्हणून कमाल सरासरी १२.०० आणि आकडा वाचताना 'सरासरी मॅचला इतके गुण' असा वाचता येतो.

पुण्याचा मित्र हे ऐकून लगेच म्हणतो, "अरे, म्हणजे फलंदाजीची सरासरीच की!" अर्धंच खरं. क्रिकेटमध्ये नाबाद राहिलात तर तो डाव भाजकात धरत नाहीत, त्यामुळे सरासरी फुगते. स्पीडवेत अशी सवलत नाही. चेन तुटली, मॅग्नेटो गेला, दुसऱ्याच लॅपला इंजिन बसलं, तरी ती राइड भाजकात आणि गुण शून्य. या रायडरच्या सीझनमध्ये 'ईएफ', म्हणजे इंजिन बंद, अशी नोंद असलेल्या चार राइड आहेत. त्या वगळल्या तर त्याची सरासरी ८.१४ होते. पण वगळायच्या नसतात. गाडी नीट ठेवणं हाही खेळाचाच भाग धरला आहे आणि मला ते योग्य वाटतं.

बोनस मात्र समजून घ्यावा लागतो. आपल्याच संघाच्या जोडीदाराच्या लगेच मागे येऊन प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवलं तर एक बोनस. म्हणजे जोडीदार पहिला आणि आपण दुसरे, किंवा जोडीदार दुसरा आणि आपण तिसरे. हा गुण संघाच्या धावफलकात जात नाही. तो रायडरच्या मानधनात आणि सरासरीत जातो. कारण उघड आहे. बोनस नसता तर दुसऱ्या नंबरवरचा रायडर तिसऱ्याला अडवून धरण्याऐवजी स्वतःच्या जोडीदारालाच मागे टाकायला गेला असता. प्रोग्रॅममध्ये बोनस मिळालेल्या २ किंवा १ च्या डोक्यावर छोटी रेघ किंवा चांदणी काढून दाखवतात आणि मॅचची बेरीज '९+२' अशी लिहितात.

हे कळलं की चिकटवहीतलं ७.०२ पाच मिनिटांत उलगडतं. त्यात बोनस घेतलेलाच नाही. २१४ गुण, १२२ राइड, गुणिले चार. आकडेमोड चोख आहे, पण लीगची सरासरी ती नव्हे.

कात्रणातलं ८.०० जरा फसवं होतं. एवढा गोल आकडा दिसला की मला संशयच येतो. पत्रकाराने बोनससह २४० गुण घेतले आणि ३० मॅचेसनी भागले. प्रत्येक मॅच चार राइडची असती तर हे चाललं असतं. पण त्या काळच्या १३ हीटच्या मॅचमध्ये संघात सात जण. एक ते पाच नंबरना चार-चार राइड, सहा-सात नंबरच्या राखीवांना तीन-तीन. शिवाय संघाचा एखादा मोठा रायडर जखमी असला की 'रायडर रिप्लेसमेंट', म्हणजे त्याच्या राइड बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. सहा किंवा अधिक गुणांनी मागे पडलं की 'टॅक्टिकल सब्स्टिट्यूट', म्हणजे कमजोर रायडर काढून तिथे फॉर्मातला घालायचा. अशा दिवशी चांगल्या रायडरच्या पाच राइड होतात. उलट कधी गाडी निकामी झाली की तीनवरच दुकान बंद. सगळं धरून याच्या राइड १२० न होता १२२ झाल्या होत्या.

राहिली आमची शीट, ७.७४. त्यात १२३ राइड, २१३ गुण, २५ बोनस. हाच आकडा सगळ्यात जास्त वेळ खाणारा होता.

अशा वेळी त्या एका रायडरचे आकडे पुन्हा पुन्हा मोजत बसण्यात अर्थ नसतो. डोळा तीच चूक परत वाचतो. मी अख्खी मॅच मोजतो, कारण मॅचला स्वतःची दोन कुलपं असतात. पहिलं गुणांचं. प्रत्येक हीटमध्ये ३+२+१ म्हणजे सहा गुण, १३ हीटचे ७८. दोन्ही संघांची बेरीज ७८ आली पाहिजे. चौघांपैकी किमान तिघांनी हीट पूर्ण केली नाही तर बेरीज कमी येते, पण मग 'एफ' (पडला), 'आर' (शर्यत सोडली), 'एक्स' (बाद) अशा खुणा कारण सांगतात. पहिल्या नंबरसाठी दोघं अगदी बरोबरीने रेषेवर आले तर गुण विभागतात आणि अडीच-अडीच लिहिलेले दिसतात, बेरीज तीच राहते. दुसरं कुलूप राइडचं. १३ हीट, प्रत्येकी दोन जागा, म्हणजे एका संघाच्या राइड २६. हे दुसरं कुलूप बहुतेक जण तपासत नाहीत आणि निम्म्या चुका तिथेच लपून बसतात.

तीसच्या तीस मॅचेसना ही दोन कुलपं लावली. अठ्ठावीस बसल्या. एका मॅचची बेरीज ७७ आली आणि एका मॅचमध्ये त्याच्या संघाच्या राइड २७.

सत्तावीसवाली आधी सुटली. चौथ्या हीटमध्ये त्याच्या चौकोनात 'एफ' होतं, खोडलेलं, आणि बाजूला बारीक अक्षरात २. पहिल्या वळणावर प्रतिस्पर्धी त्याच्यावर घसरला, दोघं पडले, लाल दिवे लागले. पंचाने पाडणाऱ्याला बाद केलं आणि उरलेल्या तिघांना पुन्हा रेषेवर बोलावलं. थांबवलेली हीट रद्द असते, पुन्हा झालेलीच खरी. बाद झालेल्याच्या नावावर ती राइड शून्याने चढते, पण पडलेला निर्दोष रायडर एकदाच मोजायचा. डेटा भरणाऱ्याने खोडलेलं 'एफ' आणि २ अशा दोन ओळी भरल्या होत्या. एक राइड कमी केली, १२२ झाल्या. सरासरी ७.७४ वरून ७.८० वर आली.

७७ वाल्या मॅचसाठी मूळ प्रोग्रॅम भिंगाखाली घ्यावा लागला, स्कॅनवर भागण्यासारखं नव्हतं. त्या संध्याकाळी पाऊस पडलेला असणार. पेन्सिलचे आकडे कागदात मुरले होते आणि पानाच्या कडा फुगल्या होत्या. आठव्या हीटमध्ये लाल हेल्मेटला ३, निळ्याला म्हणजे आपल्या रायडरला १, पांढऱ्यालाही १, पिवळ्या-काळ्याला शून्य. चौघंही पूर्ण करून आलेले, खुणा कसल्याच नाहीत, आणि बेरीज पाच. दोन तिसरे नंबर आणि दुसरा कुणीच नाही, असं होत नाही. दोघांपैकी एकाचा १ हा २ होता. पण कुणाचा?

उत्तर चौकोनात नव्हतं, चौकोनाखाली होतं. बहुतेक प्रोग्रॅममध्ये प्रत्येक हीटखाली मॅचचा चालू धावफलक लिहायची जागा असते आणि नियमित येणारे प्रेक्षक ती न चुकता भरतात. सातव्या हीटनंतर २४–१८, बेरीज ४२. आठव्यानंतर २९–१९, बेरीज ४८. म्हणजे आठव्या हीटमध्ये यजमानांना ५ आणि पाहुण्यांना १. यजमानांचे लाल-निळे पहिले आणि दुसरे आले होते. आपल्या रायडरचा १ हा २ होता. भिंगाखाली त्या उभ्या रेघेच्या तळाशी आडवी शेपटीही दिसली, फिकी, पण होती.

आणि तो दुसरा आला तो जोडीदाराच्या मागे, म्हणून बोनसही त्याच्याच खात्यात. एका पुसट शेपटीने एक गुण आणि एक बोनस असे दोन आकडे हलवले. २१४ अधिक २६ म्हणजे २४०, गुणिले ४, भागिले १२२, बरोबर ७.८७. अंतिम धावफलक ४३–३५ आता बसला. मग संघातल्या सातही जणांची सीझनची बेरीज संघाच्या एकूण गुणांशी लावून पाहिली. तीही जुळली, तेव्हा शीट बंद केली.

०.१३ चा फरक कुणाला फार वाटणार नाही. पण या खेळात सरासरी ही नुसती शोभेची नाही. संघातले पहिले तीन 'हीट लीडर' कोण, राखीवात कोण बसणार, जखमी रायडरच्या जागी दुसऱ्या संघातून पाहुणा म्हणून कुणाला उभं करता येईल, हे सगळं सरासरीवर ठरतं. पाहुणा मूळ रायडरपेक्षा जास्त सरासरीचा चालत नाही. पुढे तर संघ बांधतानाच सातही जणांच्या सरासऱ्यांच्या बेरजेवर मर्यादा आली. तेव्हा दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांवरून माणसं संघात राहिली किंवा बाहेर गेली.

७.८७ हा किती चांगला, हे समजायला वरच्या टोकाकडे पाहावं. डेन्मार्कचा हान्स नील्सन ऐंशीच्या दशकात ऑक्सफर्डकडून ११ च्या वर सरासरी राखायचा. ११ म्हणजे काय, ते मांडून बघा. प्रत्येक मॅचमध्ये चारपैकी तीन हीट जिंकायच्या आणि चौथीत दुसरं यायचं, आणि असं अख्खा सीझन, घरी आणि बाहेर. ऑक्सफर्डने १९८५, १९८६ आणि १९८९ मध्ये लीग जिंकली त्यात नवल नाही. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर न्यूकॅसल, बेल व्ह्यू, एक्झेटर आणि हल अशा चार संघांकडून ब्रिटिश लीगमध्ये उतरला आणि सहा वेळा जगज्जेता झाला. एक्झेटरचा ट्रॅक लांब, कडेला पोलादी पत्र्याचं कुंपण. तिथे पहिल्यांदा येणारा पाहुणा वळणावर थ्रॉटल सोडायचाच. म्हणून मी घरची आणि बाहेरची सरासरी नेहमी वेगळी काढतो. आपल्या रायडरची घरी ६० राइडमध्ये ८.६७, बाहेर ६२ मध्ये ७.१०. दुसऱ्या फळीच्या रायडरसाठी बाहेर सातच्या वर म्हणजे भक्कम काम.

नुसती सरासरी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मेजर-नील्सनसारख्यांना बोनस फारसा मिळत नाही, कारण ते स्वतःच पहिले येतात. बोनस मिळतो तो त्यांच्या मागे येणाऱ्याला. आपल्या रायडरचे २६ बोनस पाहिले की त्याची जोडी कुणा मोठ्या रायडरशी लावलेली होती, हे प्रोग्रॅम न उघडताही कळतं.

आणि बोनस हा शब्द दिसला की आधी वर्ष पाहावं. १९३६ मध्ये वेंब्लीला पहिली जागतिक फायनल झाली तेव्हा पात्रता फेरीतली कामगिरी बोनस म्हणून फायनलच्या गुणांत मिळवली होती. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने त्या रात्री पाचही हीट जिंकल्या, पूर्ण १५ गुण, पण बोनस १०, एकूण २५. लायोनेल व्हॅन प्रागचे १४ आणि १२, एरिक लँग्टनचे १३ आणि १३, दोघांचे २६. दोघांची वेगळी शर्यत झाली, व्हॅन प्राग जगज्जेता ठरला, आणि एकही हीट न हरलेला माणूस तिसरा. विल्किन्सनला अजिंक्यपद मिळालं ते १९३८ मध्ये. त्या बोनसचा लीगच्या बोनसशी काही संबंध नाही, पण जुन्या वह्यांमध्ये दोन्ही एकाच रकान्यात भरलेले मी पाहिले आहेत.

पोलंडच्या लीगमध्ये चारने गुणतच नाहीत. तिथे सरासरी दर हीटची, कमाल ३.०००. याच रायडरची तिथल्या पद्धतीने १.९६७ येईल.

घरच्यांना पाठवलेल्या कागदावर मी चारही आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे तो कसा आला ते. फलकासाठी ७.८७ आणि त्याखाली बारीक अक्षरात '१२२ राइड, २१४ गुण, २६ बोनस' कोरावं असं सुचवलं, म्हणजे पुढे कुणालाही स्वतः भागाकार करून पाहता येईल. हा आकडा फक्त लीगचा आहे, हेही लिहिलं. नॉकआउट कपच्या मॅचेस त्यात नाहीत. त्या हव्या असतील तर वेगळ्या मोजाव्या लागतील, आणि त्यासाठी बाहेर झालेल्या एका मॅचचा प्रोग्रॅम लागेल. तेवढा एक पेटीत नाही.